काठमांडूची फाइल

१

कपाटात एकशे चौदा फाइली होत्या. त्यांतली एकच नाहीशी झाली होती आणि तीही सगळ्यात पातळ.

अपर्णा मयेकरनं कुलपाला हात लावला नाही. खोलीत शिरायचं आणि कशालाही हात लावण्याआधी नुसतं बघायचं, ही सवय तिला हॉटेलांच्या हाउसकीपिंगमध्ये बावीस वर्षं काढून लागली होती. नोकरी सोडल्यावर तीच सवय पोटापाण्याचं साधन झाली. पोलिसांकडे न्यायच्या नसतात अशा भानगडी हॉटेलवाले तिच्याकडे आणत. आजही ती शारजाहून पहाटे निघाली होती आणि मंगळवारी सकाळी नऊला फुजैराच्या ‘मुकादम इंटरनॅशनल’च्या सहाव्या मजल्यावर, रेकॉर्डरूममध्ये उभी होती. खिडकीतून तेलाची जहाजं दिसत होती, आपापल्या जागी नांगर टाकून बसलेली.

“कुलूप फोडलेलं नाही,” ती म्हणाली.

“नाही. चावीनं उघडलंय,” अफशा म्हणाली. खैरुद्दीन मुकादमांची ही थोरली मुलगी. वय एकतीस, अंगात काळा अबाया, हातात दोन फोन. “मॅम, परवा गुरुवारी दहा वाजता परवाना मंडळासमोर सुनावणी आहे. त्यांना अब्बांच्या पहिल्या कसिनोचे ओरिजिनल कागद हवेत. काठमांडू, एकोणीसशे शहाऐंशी ते त्र्याण्णव. जवळजवळ चाळीस वर्षांचा अनुभव आहे असं आपण लिहिलंय, तो सुरू झाला कुठून त्याचा पुरावा. तो ह्या एका फाइलीत होता.”

“नाही मिळाली तर?”

“तर खलास. पुढची संधी दोन वर्षांनी. अब्बा बहात्तरचे आहेत. हृदयात दोन स्टेंट.”

मुकादमांची गोष्ट ह्या किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ होती. जयगडजवळच्या खेड्यातला मुलगा पंचाहत्तर साली जहाजाच्या भटारखान्यात भांडी घासत फुजैराला उतरला. खलाशांसाठी कँटीन काढली, मग दहा खोल्यांचं लॉज. नेपाळात कसिनो चालवला, मग कोलंबोत दोन. आता दिब्ब्याच्या रस्त्यावर डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये तीनशे बारा खोल्यांचं रिसॉर्ट उभं होतं आणि त्यातला खेळाचा हॉल कुलूप लावून परवान्याची वाट पाहत होता. जिथे भांडी घासत उतरलो तिथेच शेवटचं दार उघडायचं, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

अफशानं फोनवर एक क्लिप लावली. सोमवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. छतातला जुना कॅमेरा, चित्र धुरकट. त्यात टेबल तेवढं येत होतं. टेबलाशी कोणीतरी उभं होतं, पण दिसत होत्या फक्त काळ्या बाह्या आणि दोन हात. हात अकरा मिनिटं फाइलीची पानं उलटत राहिले. मग फाइल कडेला सरकली, चित्राबाहेर गेली. हात पुन्हा टेबलावर आले, तळवे आकाशाकडे उघडले, आणि गेले.

“दुआ मागितली,” अफशा हळू आवाजात म्हणाली. “चोरी करून दुआ मागणारा आमच्याकडे एकच आहे. माझा भाऊ.”

२

धाकटा फरदीन हॉटेलचा फ्रंट ऑफिस मॅनेजर होता. पाच वेळ नमाज पढणारा. कसिनोला त्याचा पहिल्यापासून विरोध. क्लिपची हकीकत कळल्यावर सोमवारी संध्याकाळी खैरुद्दीननी त्याला घराबाहेर काढलं होतं.

“अब्बांनी क्लिप बघितली?”

“कुठून बघणार? गेल्या आठवड्यात डोळ्याचं ऑपरेशन झालंय, स्क्रीन बघायला मनाई आहे. मी सांगितलं त्यांना.” अफशा थांबली. “अम्मीला ह्यातलं काही माहीत नाही हं. फरदीन कामाला शारजाला गेलाय असंच तिला सांगितलंय. तिचं बीपी...”

चाव्या तीन होत्या. एक शेठकडे, झोपताना उशाशी ठेवलेली, एक अफशाकडे, एक बाबाजींकडे. अफशा सोमवारी दिवसभर दुबईत होती, खेळाची टेबलं बनतात त्या कारखान्यात. राहिले बाबाजी.

बाबाजी सावंत मालवणचे, वय सहासष्ट, हॉटेलचे जनरल मॅनेजर. काळा कोट, गळ्याला घट्ट टाय. अपर्णासमोर चहा ठेवताना त्यांची उजवी करंगळी दिसली. पेऱ्यापाशीच संपलेली.

“काठमांडूची आठवण,” ते म्हणाले. “स्वयंपाकघराच्या लिफ्टमध्ये सापडली. बरं, तुम्हांला काय विचारायचंय ते विचारा. दोन वाजता मी कँटीनमध्ये जेवत होतो, चाळीस माणसांच्या पंगतीत. सोमवारी बांगडा असतो, मी कशाला उठतोय?”

“आणि शेठ?”

“आपल्या केबिनमध्ये, कोचावर. घरचा डबा जेवले की तासभर झोपतात. त्यावर घड्याळ लावून घ्या. त्या दिवशी डब्याचाही घोळ. ड्रायव्हर रजेवर, भाभी स्वतः डबा घेऊन आल्या बिचाऱ्या. इथे पाणी प्यायला सांगायला माणूस नाही, हाताखालच्यांना अक्कल नाही...”

“फाइलीत होतं तरी काय, बाबाजी?”

“बारा माणसांची माहिती. नाव, फोटो, नेमणुकीचं पत्र. पहिले बारा डीलर. म्हणजे टेबलावर पत्ते वाटणारे.”

“तुम्ही ओळखता त्यांना?”

“मी तिथे तांदूळ मोजायला होतो, बाई,” बाबाजी म्हणाले आणि खिडकीतून जहाजांकडे बघत बसले. ते खोटं बोलत नव्हते, एवढं अपर्णाला कळलं. पण पुरतं खरंही सांगत नव्हते.

मुकादमांचं घर हॉटेलच्या मागे टेकाडावर होतं. दुपारी अफशा तिला घेऊन गेली, बाबाजीही कागद सहीला घेऊन आले. खैरुद्दीनची पत्नी नूरजहाँ दारातच उभी होती. त्रेसष्ट वर्षांची, उंच, पाठ ताठ, अंगात काळा अबाया.

“मयेकर म्हणजे कुठल्या?”

“वेंगुर्ल्याच्या, भाभी.”

“मी पावसची. म्हणजे आपण शेजारीच की. बसा.”

चहा तिनं स्वतः आणला. आपल्या डाव्या हाताकडच्या बाबाजींपासून सुरू करून एकेक बशी तिनं ओळीनं सारली. मधलं अंतर सारखं, एकाही बशीचा आवाज नाही. मग कागदी रुमालांच्या चवडीवरून एका बोटानं एकेक रुमाल निसटवत पुन्हा तोच फेरा. अपर्णाचं लक्ष तिथेच राहिलं. हॉटेलात पाहुण्यापासून वाढायला सुरुवात करतात. घरातही पाहुण्यापासूनच करतात. ही तिसरीच कुठली तरी रीत होती.

“काठमांडूला तुम्हीही होतात ना?”

“होते. थंडी फार. खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसायचे, पण बघायला वेळ कुणाला होता!” नूरजहाँ हसली. मग हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे कुठेतरी लांब गेले. “नंतर इकडे आलो. मुलं झाली. आता समुद्र दिसतो, आणि वेळच वेळ.”

“अम्मीला तिथे काही आवडायचं नाही,” अफशा म्हणाली.

नूरजहाँनं मुलीकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि चहात साखर घातली. अपर्णाला आठवलं, त्या चहात तिनं आधीच साखर घातली होती.

३

संध्याकाळी शारजाच्या रस्त्यावर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. अपर्णाच्या मुलीचा, मिहिकाचा, फोन आला. “मॉम, आर यू स्टक अगेन?”

“हो गं. भाजी गरम करून घे.”

“फाइन. ड्राइव्ह सेफ.”

फरदीन मित्राच्या फ्लॅटखाली करक चहाच्या टपरीवर भेटला. एकोणतीस वर्षांचा, दाढी नीट कातरलेली, हॉटेलचा काळा ब्लेझर अजून अंगावर.

“बघून घ्या, ह्याच बाह्या,” तो म्हणाला. “मला अटक करायची तर आधी चहा संपवू द्या.”

“तूच घेतलीस का फाइल?”

“आंटी, मी अब्बांना सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं की हा धंदा मला मंजूर नाही. माझा पगार मी त्या हॉलच्या पैशातून घेणार नाही, असं लिहूनही दिलंय. जो माणूस तोंडावर भांडतो त्याला चोरी करायची काय गरज? आणि थांबवायचंच असतं तर जमिनीचे कागद उचलले असते. बारा डीलरांचे फोटो घेऊन मी काय करू, अल्बम?”

“पण दुआ...”

“दाखवा ती क्लिप. मला कुणी दाखवलीच नाही. नुसता निकाल सांगितला.”

त्यानं ती एकदा बघितली, दुसऱ्यांदा बघितली. मग फोन टपरीच्या फळीवर ठेवला आणि स्वतःचे हात छातीसमोर उचलले.

“दुआ अशी मागतात. तळवे स्वतःकडे, मग चेहऱ्यावरून फिरवायचे. हे बघा काय करतायत. हात आधी एकमेकांवर घासले. मग बोटं पसरून तळवे वर केले, आणि मग उलटे केले. हाताची पाठ दाखवून अल्लाकडे कोण काय मागतं?”

अपर्णानं क्लिप पुन्हा लावली. पोरगं खरं बोलत होतं. घरच्यांना जे बघायचं होतं तेवढंच त्यांनी बघितलं होतं आणि उरलेल्या दोन सेकंदांकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं.

“अब्बांना सांगा,” फरदीन म्हणाला. आवाजातली थट्टा गेली होती. “मी तो हॉल उघडला तर त्यात पाऊल टाकणार नाही. पण घर माझंही आहे. मला घरी जायचंय.”

ते हात देवाला दाखवले नव्हते, तर मग कुणाला?

४

बुधवारी सकाळी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यात हिरवी कापडं ताणून बसवली जात होती. तनिष तिथे मापं तपासत उभा होता. मूळचा पेडण्याचा, वय चौतीस. गोव्याच्या बोटींवरच्या कसिनोत दहा वर्षं काढून आता मुकादमांच्या नव्या डीलरांना शिकवत होता.

“एक टेबल बावीस हजार दिरम, ताई. म्हणजे पाच लाखांच्या वर! डाग पडेल म्हणून मी ह्यावर चहाचा कपही ठेवणार नाही.”

“सोमवारी तू इथेच होतास?”

“सकाळपासून रात्रीपर्यंत. अफशा मॅम पण चार वाजेपर्यंत. कारखानेवाल्यांना विचारा, आम्ही त्यांचं डोकं किती खाल्लं ते.”

अपर्णानं काही न सांगता क्लिप पुढे केली. तनिष पहिल्या झटक्यालाच हसला.

“ही काय चोरी शोधताय, ही तर आमची रीत आहे. डीलर टेबल सोडून उठला की हात मोकळे दाखवतो. वर कॅमेरा असतो ना, त्याला. बघ बाबा, चिप नाही, पत्ता नाही. कुणी सांगावं लागत नाही, हात आपोआप...” तो बोलता बोलता थांबला. क्लिप मागे नेली. “पण हे आपलं नाही.”

“म्हणजे?”

“आम्ही तळवा दाखवतो, पाठ दाखवतो, चाललो. इथे आधी हात घासलेत. मग दहाच्या दहा बोटं फाकवलीत, एकेक सुटं. ही जुनी पद्धत आहे. माझे गोव्यातले गुरू करायचे. आम्ही हसायचो तर म्हणायचे, काठमांडूला ज्यांनी शिकवलं त्यांनी बोटांवर छडी मारून शिकवलंय.”

“तुझ्या शिकाऊंपैकी कुणी?”

“मी शिकवलंच नाही ते त्यांना येणार कुठून?”

“आणि ही सवय किती दिवस टिकते?”

“लागायला दोन वर्षं लागतात, ताई. सुटत नाही. मी घरी भांडी विसळून उठतो तेव्हाही करतो. बायको म्हणते, माझे चमचे चोरलेस का?” त्यानं कोऱ्या टेबलामागे उभं राहून हवेतले पत्ते वाटून दाखवले. आपल्या डाव्या हाताकडच्या खुर्चीपासून, ओळीनं, सारख्या अंतरावर. “एकदा हातात बसलं की बसलं.”

अपर्णा त्याच्या हाताकडे बघत राहिली. हा फेरा तिनं काल पाहिला होता. पण तेव्हा त्या हातांत बशा होत्या.

५

तरी ती आधी हॉटेलात खैरुद्दीनच्या केबिनमध्ये गेली. जुनी पद्धत जाणणारे तिघेच असू शकत होते. बाबाजी त्यांतून सुटले होते, कारण क्लिपमध्ये दहा बोटं पुरी होती. उरलेल्या दोघांतले एक हे समोर बसले होते.

डोळ्यांवर काळा चष्मा, समुद्राकडे तोंड. बोलताना ते समुद्राशीच बोलत होते.

“पहिल्या दिवशी मी ह्या धक्क्यावर उतरलो तेव्हा इथे एक दिवा नव्हता, ताई. मला वाटलं, इथे एक असं घर बांधीन की लांबून, जहाजावरच्या भांडी घासणाऱ्या पोरालाही त्याचे दिवे दिसतील. काठमांडू, कोलंबो, सगळं वाटेवरचं. घर बांधायचं ते इथेच. एवढं एक राहिलंय.”

“म्हणून मी फाइल शोधतेय. शेठ, क्लिपमध्ये दुआ नाही. अफशाची चूक झाली. हात आधी एकमेकांवर घासले, मग दहाही बोटं सुटी करून...”

तिनं हातांनी करून दाखवलं. बंदी असूनही खैरुद्दीननी चष्मा काढून बघितलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला, मग त्यावर असं काही आलं की अपर्णानं नजर खाली घेतली.

चोर पकडला गेला की असा दिसत नाही. फार दिवसांनी कुणाची हाक ऐकू आलेला माणूस असा दिसतो.

“शोध थांबवा,” ते म्हणाले.

“शेठ?”

“अर्ज मागे घेतो मी. बाबाजींना सांगा पत्र लिहायला. आणि फरदीनला फोन करा, म्हणावं घरी ये, बाप चुकला.”

“हा परवाना म्हणजे तुमची...”

“यल्ला, ताई, चला आता. झालं. तुमचे पैसे पूर्ण मिळतील.” त्यांनी चष्मा परत लावला. “फक्त ती फाइल कुणी घेतली हे कुणाला विचारू नका. मलासुद्धा सांगू नका.”

६

गाडीत बसून अपर्णानं सगळं एकदा ओळीनं लावलं. फाइल घेणाऱ्याला काठमांडूची सवय होती. खैरुद्दीन पकडले गेल्यासारखे घाबरले नव्हते, त्यांना धक्का बसला होता. म्हणजे ते नव्हते. पण हात कुणाचे हे त्यांनी ओळखलं आणि आयुष्यभराची गोष्ट एका वाक्यात सोडून दिली. असा माणूस कुणासाठी सोडतो? सोमवारी डबा कुणी आणला होता? शेठ झोपलेले असताना उशाची चावी कुणाला घेता आली असती? आणि हातात फाइल नव्हती तर ती गेली कशात? डब्याच्या पिशवीत.

नूरजहाँ एकटीच होती. अपर्णा बसलीही नाही.

“भाभी, फरदीन कामाला गेलेला नाही. फाइल त्यानं चोरली म्हणून शेठनी त्याला घराबाहेर काढलंय.”

नूरजहाँच्या हातातल्या तसबीचे मणी तसेच थांबले.

“कधी?”

“सोमवारी संध्याकाळी.”

“आणि मला कुणी...” ती उठली. आतल्या खोलीत गेली आणि पिठाच्या डब्यामागून ती पातळ फाइल घेऊन आली. टेबलावर ठेवून एक पान उघडलं. फोटोत चोवीस वर्षांची मुलगी होती. पांढरा शर्ट, काळा वेस्टकोट, केस घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे अशी बघणारी की जणू पुढचा पत्ता तिला माहीत आहे. खाली नाव होतं, नूरजहाँ पावसकर.

“माझे वालिद बोटीवर गेले ते आलेच नाहीत. घरात चार बहिणी. भाऊ नेपाळात हॉटेलात होता, त्यानं नेलं. सात वर्षं मी टेबलावर उभी राहिले, अपर्णाताई. शेवटची तीन वर्षं सगळा मजला माझ्या हाताखाली होता. हे खाली कँटीन चालवायचे. पत्ता कसा धरतात तेसुद्धा ह्यांना येत नव्हतं. मी शिकवलं. निकाह झाला, हॉटेल घेतलं, इकडे आलो. इकडे आल्यावर ठरलं की मुलांना सांगायचं नाही. कोण काय म्हणेल. मीही हो म्हटलं.”

“मग आता फाइल का? शेठ तर तुमच्यासाठी अर्जच मागे घ्यायला निघालेत.”

“तीन आठवड्यांपूर्वी मंडळाचा फॉर्म सहीला आला. त्यात ह्यांनी लिहिलं होतं, पत्नी गृहिणी, ह्या व्यवसायाचा अनुभव नाही. मी सही केली. मग झोप उडाली. फॉर्म आणि फाइल एकत्र गेल्या असत्या तर माझी सही आणि माझा फोटो शेजारी शेजारी. ह्यांचं सगळं बुडालं असतं. ह्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं, इतकं ते विसरलेत.” ती फोटोवरून बोट फिरवत राहिली. “पण खरं सांगू? मी ते निमित्त केलं. नुसतं पान काढून घेता आलं असतं. मला ह्या पोरीला एकदा बघायचं होतं. मी तोबा केलीय, हजला जाऊन आलेय, मला पुन्हा तिथे उभं राहायचं नाही. पण मी तिथे होते. ‘नाही’ कसं?”

दारात पावलं वाजली. खैरुद्दीन आले होते, बाबाजींच्या खांद्यावर हात ठेवून. ते ऐकत किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

“मी तुला झाकलं, नूर,” ते म्हणाले. “लोकांपासून.”

“लोकांपासून झाकलंत ते मला चाललं. तुम्ही कागदावर मला पुसलंत.”

बाबाजींनी खाली मान घातली. “शेठनी मला शपथ घातली होती, बाई,” ते अपर्णाला हळूच म्हणाले. “नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आख्ख्या काठमांडूत ह्यांच्यासारखा हात नव्हता.”

“आता फॉर्म बदलला तर विचारतील, आधी खोटं का लिहिलंत,” खैरुद्दीन म्हणाले. “परवाना जाईल कदाचित.”

“आज दुपारी तुम्ही अर्जच मागे घ्यायला निघाला होतात ना? माझ्यासाठी? मग माझ्यासाठी खरा फॉर्म भरा की. गेला तर खरं बोलून जाऊ दे.”

खैरुद्दीन चाचपडत खुर्चीवर बसले. “मला दिसत नाहीये. तूच लिही.”

नूरजहाँनं पेन घेतलं, पण लिहिलं नाही.

“आधी माझा मुलगा घरी आला पाहिजे. त्याला आणि अफशाला मी स्वतः सांगणार. मग लिहीन.”

७

गुरुवारी दहाला मंडळाच्या कार्यालयात अफशा आईवडिलांना घेऊन आत गेली. मीटिंगच्या खोलीला धुरकट काच होती. बाहेरच्या बाकावर अपर्णा, बाबाजी आणि फरदीन बसले.

फरदीननं गाडी चालवली होती. आदल्या संध्याकाळी आईनं त्याला फोटो दाखवला तेव्हा तो उठून गच्चीवर गेला होता आणि तासानं खाली आला होता.

“मला हा धंदा अजूनही पटत नाही,” आता तो अपर्णाला म्हणाला, कुणी विचारलं नसताना.

“बरं.”

“पण तिनं चार बहिणींची लग्नं केली. मला मावशांनी कधी सांगितलं नाही. म्हणजे माझ्या ईदच्या कपड्यांपासून सगळं...”

पंधरा मिनिटांनी अफशा बाहेर आली. डोळे लाल, पण उभी ताठ.

“खोट्या सहीचं विचारलं. अब्बांनी कबूल केलं, चूक माझी, तिची नाही. त्यांनी लिहून घेतलं. दंड होईल, पुढे काय ते माहीत नाही.” तिनं श्वास घेतला. “मग त्यांनी विचारलं, काठमांडूला टेबलावर तंटा झाला तर निकाल कोण द्यायचं, कसा द्यायचं. अब्बांना सांगता येईना. ते म्हणाले, मला विचारू नका, मी जेवण पुरवायचो. मजला ह्या चालवायच्या.”

“मग?”

“मग अम्मी बोलायला लागली.”

ती परत आत गेली. दार मिटताना क्षणभर आवाज आला. नूरजहाँचा, हिंदीत, सावकाश, मध्ये न अडखळता. कुणीतरी प्रश्न विचारला, कुणीतरी हसलं, आणि तो आवाज पुन्हा पुढे चालू झाला.

अकरा वाजले. पुढच्या सुनावणीचे लोक येऊन शेजारी बसले. अकरा चाळीसला एक कारकून बाहेर आला आणि त्यांना म्हणाला, माफ करा, आतल्यांनी आणखी एक तास मागितलाय.

बाबाजींनी काचेतून बघायचा प्रयत्न केला. नुसत्या सावल्या दिसत होत्या.

“कोण बोलतंय?” फरदीननं विचारलं.

“भाभी.”

“अजून?”

“अजून.”

फरदीन उठला, व्हरांड्याच्या टोकाला जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला आणि दारावर टकटक करून आत गेला. तो लगेच बाहेर येईल असं अपर्णाला वाटलं होतं. तो आला नाही.